हिरव्या जाळीमागची टकटक

प्रेमकथेत माणसं समोरासमोर येतात, नजरेला नजर भिडते, कुणाच्या तरी हातातलं काहीतरी खाली पडतं... आपल्या या गोष्टीत तसलं काही झालं नाही. ती त्याला पाठीने धडकली. आणि तिचा दोष म्हणाल तर एवढाच, की उलटं चालणं हा तिचा रोजचा उद्योग होता.

शहराच्या सगळ्यात जुन्या भागात ती पाहुण्यांना फिरवायची. सकाळी दहाची वेळ, पंधरा-वीस माणसं, अंगात निळा कोट, गळ्यात बिल्ला. लोकांकडे तोंड करून बोलायचं आणि बोलता बोलता मागे मागे सरकायचं, ही या कामाची रीत. लोकांकडे पाठ केली की त्यांचं लक्ष उडतं, आणि प्रत्येक वाक्याला थांबलं की दोन तासांचा फेरफटका चार तासांचा होतो. म्हणून अख्खी गल्ली तिने टाचांकडून पाठ करून घेतली होती. घड्याळवाल्याच्या दुकानापासून सात पावलं, मग एक उचललेली फरशी, मग बारा पावलं, मग व्यापाऱ्याचं जुनं घर. मागे वळून बघायचं कामच नाही. वहिनी घरी चिडवायची, "एक दिवस अशीच कुणाच्या तरी अंगावर जाऊन आदळशील बघ."

वहिनीची जीभ भलतीच खरी निघाली. रविवारच्या सुट्टीत व्यापाऱ्याच्या घराला परांची बांधली गेली होती, वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लागली होती, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी ती आपली ऐटीत मागे सरकत आली. दहावं पाऊल, अकरावं पाऊल, आणि बाराव्या पावलाला टाच थेट चुन्याच्या घमेल्यात. तोल गेला, आणि पाठ कशावर तरी टेकली. कशावर तरी म्हणजे एका माणसाच्या खांद्यावर. त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या, म्हणून त्याने तिला खांद्याने सावरलं होतं.

"तुम्हाला दिसत नाही का?" ती वळून म्हणाली.

उलटं चालणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारावा, म्हणजे हद्द झाली. पाहुण्यांत खसखस पिकली. तो मात्र हसला नाही. त्याने बादल्या खाली ठेवल्या, तिच्या बुटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा चुन्याची भुकटी होती त्याच्या.

"मला दिसत होतं," तो म्हणाला आणि शिडीवरून वर निघून गेला.

मग एक पाय पांढरा आणि एक काळा अशा थाटात तिने पुढचा फेरफटका पुरा केला.

त्या घराच्या दाराशी, कमरेएवढ्या उंचीवर, गिलाव्यात एका हाताचा ठसा होता. छोटासा, पाची बोटं पसरलेला. तिच्या सगळ्या फेरफटक्यातला हा हुकमी एक्का. ती तिथे यायची, आवाज खाली आणायची आणि सांगायची, की दोनशे वर्षांपूर्वी एक गवंडी कामासाठी समुद्रापार निघाला, आणि निघायच्या दिवशी त्याच्या प्रेयसीने ओल्या भिंतीवर आपला हात उमटवला. परत येशील तेव्हा यावर हात ठेव, म्हणजे मला कळेल. तो आला नाही. इथे ती थोडं थांबायची. बायका पर्समधून रुमाल काढायच्या, नवरे उगाच वर आभाळाकडे बघायचे.

मंगळवारी तिने आवाज खाली आणला, "दोनशे वर्षांपूर्वी..." म्हणाली, आणि जाळीमागून आवाज आला - टक्.

गवंड्याची थापी परांचीच्या पाइपवर आपटल्याचा आवाज. काम चाललं असेल, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. बुधवारी बरोबर त्याच शब्दाला पुन्हा टक्. गुरुवारी तिने मुद्दाम "दीडशे वर्षांपूर्वी" म्हणून पाहिलं. टक्. "शंभर?" तिने वर बघत विचारलं. टक्. पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे कान लाल झाले.

शुक्रवारी तिने निश्चय केला, की आज या माणसाची परीक्षाच घ्यायची. समोरच्या घराचा सज्जा लाकडी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. तिने तो खुशाल लोखंडी करून टाकला. टक्. मग म्हणाली, "चुकलं माझं, लाकडी आहे, आणि त्यावर सूर्यफुलं कोरलेली आहेत." वर सगळं शांत. म्हणजे ठरलंच की. चूक असेल तर टक्, आणि बरोबर असेल तर गप्प. एक अक्षर न बोलता दोघांचा असा करार झाला. पुढचे काही दिवस ती रोज एखादी चूक मुद्दाम पेरायला लागली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही... विचारायची गरजही नव्हती म्हणा.

तोही काही कमी नव्हता. दुसऱ्या सोमवारी ती मागे सरकत आली तर बाराव्या पावलाच्या आधीच टाचेखाली काहीतरी मऊ लागलं. गोणपाटाची घडी. परांचीच्या हातभर अलीकडे, बरोबर तिच्या वाटेवर, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून बसवलेली. टाचेला गोणपाट लागलं की थांबायचं, हे तिला न सांगता कळलं. नव्या गिलाव्यावर तो दिवसातून तीनदा पाणी मारायचा, पण तिच्या येण्याच्या वेळेला नळी बंद करून ठेवायचा. तरी जाळीत अडकलेले चार थेंब निथळून तिच्या मानेवर पडायचेच. कोरड्या ठणठणीत दिवशी भिजलेल्या मानेने ती पुढचा तास बोलायची आणि मध्येच कारण नसताना हसायची.

हे सगळं गोड होतं, पण एका गोष्टीने तिचा जीव टांगणीला लागला होता. गळ्यातला बिल्ला कच्चा होता. पक्का बिल्ला मिळायचा तर परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षेला संधी फक्त दोन. पहिल्या वेळी परीक्षक पाहून तिच्या तोंडाला कोरड पडली होती आणि तीनशे वर्षांचा इतिहास तिने सात मिनिटांत उरकला होता. आता दुसरी आणि शेवटची वेळ येत्या गुरुवारी. नापास झाली की तिकीटघराच्या खिडकीमागे बसून जन्मभर फोन घ्यायचे. गल्ली संपली, चालणं संपलं. आणि परीक्षक तेच, पहिल्या वेळचे सर. या भागाची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिलेली, आणि तिच्या चौदाव्या पानावर तो हात, ती प्रेयसी आणि ती दोनशे वर्षं, सगळं छापलेलं.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी फेरफटका आटोपून ती परत आली. तो खालच्या फळीवर पाय सोडून बसला होता. मांडीवर डबा उघडा होता. ती समोर उभी राहिली.

"परवा माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "तेव्हा आता सांगूनच टाका. तो हात किती वर्षांचा आहे?"

"बेचाळीस."

"कशावरून?"

त्याने डब्याचं झाकण उचलून दाखवलं. "हा डबा आज सकाळी त्याच हाताने भरलाय."

ती मटकन त्याच्या शेजारी बसली. मग त्याने सांगितलं, आणि तो एका दमात एवढं बोललेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. बेचाळीस वर्षांपूर्वी या घराच्या दाराशी गिलाव्याची डागडुजी त्याच्या आजोबांनी केली होती. दुपारी त्यांची नऊ वर्षांची लेक, म्हणजे याची आत्या, डबा घेऊन आली. दारात पाय अडखळला, आणि डबा वाचवण्याच्या नादात दुसरा हात ओल्या भिंतीवर टेकला. तेवढ्यात मालक हजर. मालक तापट, आदल्याच दिवशी त्याने एका गड्याला हाकललेलं. आजोबांच्या तोंडून भीतीने निघून गेलं, की हे आमचं नाही मालक, जुना थर काढताना आत हा ठसा सापडला, फार जुना दिसतोय, आम्ही जपून ठेवलाय. मालकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने गावभर सांगितलं. प्रेयसी कुणीतरी नंतर चिकटवली, समुद्र त्याहून नंतर. घरचे मात्र सगळे तोंडाला कुलूप लावून बसले.

"आणि तुम्ही एकटेच टकटक करत बसलात," ती म्हणाली.

"चुकीचं ऐकलं की हात गप्प बसत नाही." तो डब्याकडे बघत म्हणाला. "आजोबा शेवटपर्यंत या गल्लीतून गेले नाहीत. लांबून वळसा घालून जायचे. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेच पुस्तकात छापलं गेलं."

तिच्या डोळ्यांसमोर चौदावं पान होतं, आणि सरांचा चष्मा.

"परवा मला पुस्तकातलंच सांगावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "सरांच्या तोंडावर त्यांचं पुस्तक खोटं कसं पाडू? ही शेवटची संधी आहे माझी. एक दिवस... एक दिवस थापी खाली ठेवाल?"

तिला वाटलं, तो वाद घालेल. निदान तोंड वाकडं करेल. खरं तर तिला ते हवंच होतं.

"ठेवतो," तो म्हणाला. "तुमचा बिल्ला महत्त्वाचा."

ती घरी गेली ती धुसफुसतच. वहिनीने विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही. जेवताना तिने दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा ते समोरच होतं. वहिनी काय समजायचं ते समजली.

गुरुवार उजाडला. सर स्वच्छ उन्हात छत्री घेऊन आले, चौदा पाहुण्यांच्या मागे उभे राहिले, आणि वहीवर पेन्सिल टेकवली. आणि तिचं बोलणं काय रंगलं म्हणता. घड्याळवाला दुकानातून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. सात पावलं, उचललेली फरशी... टाचेला गोणपाट लागलं. ती थांबली. तिने आवाज खाली आणला.

"दोनशे वर्षांपूर्वी एक गवंडी..."

वर शांत.

तिने गवंड्याला समुद्रापार पाठवलं, प्रेयसीचा हात भिंतीवर उमटवला. तरी वर शांत. दिलेला शब्द तो पाळत होता. पण त्या दोघांच्या करारात गप्प म्हणजे बरोबर. ज्याचा हात चुकीचं ऐकून गप्प बसत नाही, तो माणूस जाळीमागे मुठी आवळून बसला होता आणि तिच्यासाठी खोटं बोलत होता. त्याच भिंतीपाशी, त्याच हातासाठी, आजोबांसारखंच. हे तिच्या ध्यानात आलं. असला बिल्ला गळ्यात घालून ती रोज या गल्लीतून जाणार होती?

तिने हात मागे नेला आणि बोटांच्या पेरांनी परांचीच्या पाइपवर वाजवलं. टक्.

"माफ करा," ती म्हणाली. "मी आत्ता सांगितलं ते चूक आहे."

आणि तिने खरी गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची मुलगी, हातातला डबा, अडखळलेला पाय, घाबरलेला बाप. ही तिने कधी पाठ केलेली नव्हती, त्यामुळे ती थोडी अडखळत, थोडी मागेपुढे होत सांगितली गेली. पण एकाही नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं नाही. सगळे त्या छोट्या हाताकडेच बघत होते.

सर गर्दीतून पुढे आले. "पान चौदा वाचलंय तुम्ही?"

"पाठ आहे, सर."

"मग या सगळ्याला आधार काय?"

ती वर बघायला लागली. जाळी हलली. चार माणसांसमोर ज्याला शब्द फुटत नाही, तो शिडीवरून खाली आला, मान खाली घालून सरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "या भिंतीचा जुना गिलावा चुन्याचा आहे. हाताखालचा सिमेंटचा आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे सिमेंट नव्हतं." मग खिशातला खिळा काढून त्याने ठशाच्या बाजूला ओरखडा ओढून दाखवला, आणि वीतभर पलीकडे दुसरा. पहिल्यातून राखाडी भुकटी पडली, दुसऱ्यातून पांढरी.

सर वाकून बघत होते तेवढ्यात मागून आवाज आला. "काय रे, डबा विसरलास ना? सकाळपासून लक्ष कुठे असतं तुझं? आणि इथे जत्रा कसली भरलीय?"

आत्या होती. हातात डबा. पुतण्याला आज दुसऱ्याच्या परीक्षेच्या धास्तीने डब्याची शुद्ध नव्हती, आणि ती बिचारी तीन गल्ल्या चालून आली होती. लोकांनी तिला वाट करून दिली. तिने पुतण्याकडे पाहिलं, गाइडकडे पाहिलं, सगळ्यांच्या नजरा कुठे आहेत ते पाहिलं, आणि तिला कळायचं ते कळलं. एवढ्या वर्षांत तीही आजोबांसारखीच या दारापाशी आली नव्हती.

"बाबांना कुणी काही बोलणार नाही ना आता?" तिने हळूच विचारलं.

सरांनी मान हलवली. नाही.

आत्याने डबा पुतण्याच्या हाती दिला आणि आपला हात ठशाच्या शेजारी टेकवला. आता तो दुप्पट मोठा झाला होता, नखांना हळद लागलेली होती. पण करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. ठशातलीही तशीच वाकडी. गाइडने हजार वेळा पाहिला असेल तो ठसा, पण करंगळी तिला आज दिसली. तिने नाक ओढलं. पर्समध्ये रुमाल शोधायची पाळी आज तिची होती.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. "परीक्षा संपलेली नाही," ते म्हणाले. "पुढे चला."

शेवटी त्यांनी तिला बाजूला घेतलं. ठरल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं जास्त घेतली, त्याचे गुण कापलेत म्हणाले. मध्येच रडलात, त्याचेही कापलेत. काठावर पास आहात. आणि पुढच्या आवृत्तीसाठी चौदावं पान तुम्ही लिहून द्या, मला तुमच्यासारखं जमणार नाही. एवढं बोलून ते छत्री उघडून उन्हात चालू लागले.

शनिवारी दुपारी परांची उतरवायला सुरुवात झाली. ती आली. आज पाहुणे नव्हते, निळा कोटही नव्हता. नुकतीच घडी मोडलेला पिवळा ड्रेस होता, आणि त्यावर पक्का बिल्ला मुद्दाम लावलेला. वरच्या मजल्यावर जाळीचा शेवटचा पट्टा उरला होता आणि त्याच्यामागे तो अवजारं आवरत होता. ती गोणपाटाच्या घडीवर जाऊन उभी राहिली, रिकाम्या गल्लीकडे तोंड केलं आणि रोजच्या आवाजात सांगायला लागली.

"या घरावर तीन आठवडे एक मिस्त्री काम करत होता. त्याला खालून जाणाऱ्या गाइडबद्दल काहीही वाटत नव्हतं."

जाळीमागची खुडबुड थांबली. मग... टक्.

तिने ओठ दाबले. "सोमवारी तो दुसऱ्या कामावर जाणार आणि या गल्लीत पुन्हा पाऊल टाकणार नाही."

टक्.

"आणि गाइडला त्याचं... त्याचं नसणं चालणार आहे. तिला काही फरक पडत नाही."

या वेळी जरा वेळ लागला. हे त्याने ठरवायचं नव्हतंच खरं तर, तिचं तिनेच सांगायचं होतं. म्हणून तिने हात मागे नेला आणि पाइपवर स्वतःच वाजवलं. टक्. त्याच क्षणी वरूनही वाजलं. दोन्ही टक् एकावर एक पडले आणि घड्याळवाल्याने दुकानातून मान बाहेर काढली.

"तिला तो आवडतो," ती म्हणाली. आता आवाज रोजचा राहिला नव्हता. "फार आवडतो."

वर शांत. एकदम शांत. चूक कुठेच नव्हती.

तो खाली आला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि काय बोलावं ते न सुचून त्याने वाकून गोणपाटाची घडी उचलली, झटकली, काखेत मारली. "चला," तो म्हणाला. "ही गल्ली एकदा सरळ चालून बघा. लोक एवढे पैसे देऊन बघतात."

ती त्याच्या शेजारून चालू लागली. तोंड पुढे करून. सगळंच नवीन होतं. सज्ज्यावरची सूर्यफुलं मागे जाण्याऐवजी जवळ येत होती. टाचांना पाठ असलेली वाट डोळ्यांना ठाऊक नव्हती, आणि तिने त्या उचललेल्या फरशीलाच ठेच खाल्ली. त्याने कोपर धरलं. मग सोडलं नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या पहिल्या दिवशी मी मागे मागे येत होते. तुम्हाला दिसत होतं म्हणालात. मग बाजूला का नाही झालात?"

त्याने बराच विचार केला. कान लाल झाले त्याचे.

"दिसत होतं," तो म्हणाला, "म्हणूनच."